राणीच्या बागेसमोरचे कॉलेज

दिवाळीच्या पाडव्याची सकाळ होती. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत चार खुर्च्या मांडलेल्या, मधल्या स्टुलावर फराळाचे ताट, आणि भोवती घरची व शेजारची मंडळी. माझी पुतणी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चिवड्याचा बकाणा भरता भरता तिने सहज विचारले, "काका, पोहे नेमके कशाचे करतात हो?"

सगळे हसले. मीही हसलो. पण हसणे ओसरल्यावर मी सहज त्या हसणाऱ्यांकडेच वळलो आणि म्हणालो, "तिला कोणीतरी सांगा पाहू." तेव्हा असे ध्यानात आले की पोहे भाताचे होतात एवढे सर्वांना ठाऊक होते, परंतु भात भिजवायचा की वाफवायचा, आधी भाजायचा की आधी कांडायचा, आणि त्यासाठी टरफलासकट घ्यायचा की सडलेला, याचा पत्ता कोणालाच नव्हता. त्यांत दोन पदवीधर होते, एक इंजिनिअर होता आणि एक निवृत्त प्राध्यापक, म्हणजे मी, होतो. शेवटी देवरुखकडचे माहेर असलेल्या शेजारच्या काकूंनी सांगितले, "अहो, टरफलासकट भिजवायचं, मग गरम भट्टीत भाजायचं, आणि गरम आहे तोवर चेपायचं." काकूंचे शिक्षण सातवीपर्यंतचे.

त्याच दिवशी संध्याकाळी ओवाळणीच्या वेळी आपण बळीचे राज्य येवो अशी इच्छा करतो. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. असा हा राजा, की ज्याच्या राज्यात काय चालते हे त्याच्या सुशिक्षित प्रजेला ठाऊक नाही! हे असे का झाले? कॉलेजातल्या मुलाला शेतीची तोंडओळख करून द्यावी असे या शहरात कधी कोणाला वाटलेच नाही काय? वाटले होते. त्याची हकीकत दीडदोनशे वर्षांची आहे, आणि ती बरीचशी आपल्या गिरगाव-भायखळा-परळच्या रस्त्यांवरच घडली आहे. पाडव्याच्या निमित्ताने ती सांगावी असे मनात आले.

*

मुंबईकराला शेती परकी वाटावी ही मोठी गंमतच म्हटली पाहिजे. आपला राहता पत्ताच मुळी शेताचा आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट! 'वाडी' म्हणजे झाडामाडांची बाग, आणि 'भाट' हा तर कोकण-गोव्याकडचा बागायतीचाच शब्द. खोताची वाडी म्हणताना खोत आठवतो. खोत म्हणजे जमिनीच्या वसुलीचा धनी. चिंचपोकळीत चिंच आहे, वडाळ्यात वड आहे, आणि भायखळ्याच्या नावात खळे, म्हणजे मळणीची जागा, दडले आहे असेही एक मत आहे. माझगावच्या आंब्याची कीर्ती तर दूरवर गेलेली होती. माहीम, परळ, शीव या बाजूंना भाताची खाचरे होती. कंपनी सरकारच्या जुन्या दप्तरांत त्या भाताचा उल्लेख 'बॅटी' असा येतो. साहेबाच्या जिभेवर आपला भात असा वळला.

पुढे बेटे जोडली गेली, खाड्या बुजल्या, १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी उभारण्याचा उद्योग सुरू झाला आणि पाहता पाहता परळ-लालबागच्या आभाळात चिमण्या उभ्या राहिल्या. १८९६ मध्ये प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडची मोकळी जमीन आखून रस्ते आणि वसाहती झाल्या. शेत गेले, पाटी तेवढी राहिली.

*

शेतीचे ज्ञान या शहरात पद्धतशीरपणे आणण्याचा पहिला उद्योग एका संस्थेने केला. तिचे नाव 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया'. तिची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे गोऱ्या लोकांच्या दफनभूमीसाठी गेली. परंतु तत्पूर्वीच भायखळ्याला नवी बाग आखली गेली होती आणि १८६२ मध्ये ती लोकांना खुली झाली. हीच आपली राणीची बाग, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आज आपण तिथे मुलांना पेंग्विन आणि वाघ दाखवायला नेतो. मूळ हेतू निराळा होता. देशोदेशींची उपयुक्त झाडे येथे लावून पाहावीत, रोपे व बियाणे यांची देवघेव व्हावी, असा तो होता. शेजारीच १८७२ मध्ये संग्रहालयाची इमारत खुली झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारखी मंडळी या उद्योगामागे होती. या संग्रहालयात देशातील धान्ये, धागे, अवजारे, कारागिरी यांचे नमुने मांडण्याची कल्पना होती. म्हणजे शेतीच्या प्राथमिक शिक्षणाला लागणारे सगळे साहित्य एका आवारात आयते गोळा झाले होते.

आणि विद्यार्थी? तेही फार दूर नव्हते. १८७१ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज आपल्या नव्या इमारतीत आले. ही इमारत कोठे होती? राणीच्या बागेच्या बरोबर समोर! आज तेथे मध्य रेल्वेचे रुग्णालय आहे. सतरा-अठरा वर्षे, म्हणजे काळ्या घोड्याच्या आताच्या जागी जाईपर्यंत, मुंबई इलाख्यातील हे पहिल्या प्रतीचे कॉलेज तेथे होते. रस्त्याच्या एका बाजूस बाग, दुसऱ्या बाजूस वर्ग. इकडे मिल्टन, मिल आणि लॉजिक. तिकडे माती, बियाणे आणि कलमे.

मधला रस्ता ओलांडून जाण्यास किती वेळ लागतो? दोन मिनिटे. परंतु अभ्यासक्रमाने तो रस्ता ओलांडला नाही. कॉलेजातून वकील, न्यायाधीश, प्राध्यापक, संपादक असे एकाहून एक कर्तबगार लोक बाहेर पडले. शेतकऱ्याच्या दैन्यावर त्यांनी पोटतिडकीने लिहिलेही. परंतु शेत हा त्यांच्या शिक्षणाचा भाग नव्हता. तिकडे संस्थेचीही शक्ती सरली. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली, आणि ती फिरावयास जाण्याची जागा झाली. मला या दोन इमारतींमधला तो रस्ता आपल्या साऱ्या उच्च शिक्षणाचा नकाशाच वाटतो.

*

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे रस्तोरस्ती मेली. सरकारलाही जाग आली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने शेतकी खात्याचा आग्रह धरला. त्याच्या जरा आधी, १८७९ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजात शेतकीचा वर्ग निघाला होता. मुंबईत आता नांगर धरण्याइतकी जमीन उरली नव्हती. तेव्हा विद्यापीठ मुंबईच्या फोर्टात आणि शेत पुण्यात अशी वाटणी झाली. १८९० च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने शेतकीची पदविका सुरू केली, पुढे पदवीही आली. राजाबाई टॉवरच्या सावलीत शेतकीची परीक्षा होऊ लागली, ही गोष्ट लहान नव्हती.

परंतु ती परीक्षा उतरलेले विद्यार्थी गेले कोठे? बहुतेकांची नजर महसूल खात्यातील नोकरीकडे. शेतकी शिकलेला तरुण शेतावर जाण्याऐवजी शेतसारा वसूल करणाऱ्या कचेरीत बसला. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्हेल्कर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले आणि त्यांनी देशभर हिंडून १८९३ मध्ये मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे मत असे की, येथील रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची, काही बाबतींत त्याहून सरसही आहे. उणीव आहे ती पाणी, खत अशा साधनांची. म्हणजे शिकण्यासारखे पुष्कळसे शेतकऱ्यापाशीच होते. ते घ्यावयास त्याच्या बांधावर जाणे मात्र कॉलेजातल्या मुलाला कमीपणाचे वाटत होते.

हीच गोष्ट व्हेल्करसाहेबांच्या आधी एका पुणेकराने फार तिखट शब्दांत सांगितली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यातील मजकूर त्यांनी छापण्याआधी गावोगाव वाचून दाखविला होता. त्यात मुंबईही होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'ने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि मग हात आवरता घेतला. याच लोखंड्यांनी पुढच्याच वर्षी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरविली. परळ-लालबागचे ते कामगार कोण होते? साताऱ्याची, पुण्याची, रत्नागिरीची शेतकऱ्यांची पोरे. जमीन पुरेना म्हणून गिरणीत आलेली.

जोतीरावांनी नुसते रडगाणे गायिले नाही. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ठिकठिकाणी बांध घालावेत, मळीची खरवड वाहून जाऊ देऊ नये, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यास बक्षिसे द्यावीत, त्यांच्या मुलांस विद्या द्यावी, असे त्यांनी एकेक करून सांगितले. बांध घालून पाणी मुरविण्याची ती सूचना वाचली की आजच्या पाणलोटाच्या योजना आठवतात. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईतच, मांडवीच्या कोळीवाड्यात, त्यांना 'महात्मा' ही पदवी लोकांनी दिली. ती देण्यास विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ लागला नाही.

*

१९०७ पासून पुण्याचे शेतकी महाविद्यालय स्वतंत्र झाले आणि त्याच्या प्राचार्यपदी डॉ. हॅरॉल्ड मान हे गृहस्थ आले. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आसामच्या चहाच्या मळ्यांसाठी काम केलेले. या माणसाने तो मधला रस्ता ओलांडला. आपल्या सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे इत्यादी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावी गेले आणि गावाची जमीन, विहिरी, खत, गुरे, पिके, कर्ज, खर्च असे सगळे घरोघर विचारून लिहून काढले. हा अभ्यास १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतील पहिला ग्रंथ म्हणून निघाला. दुसरा, जातेगाव बुद्रुक या गावाचा, १९२१ मध्ये.

त्यातले दोन आकडे पुढे अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिरले. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी खातेदाराजवळ ४० एकर जमीन होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. आणि तपासलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबे निव्वळ जमिनीवर नीट जगत होती. २८ बाहेरची कमाई जोडून तोंडमिळवणी करीत होती. उरलेली ६७ बुडतीला लागलेली होती. गिरणगावातल्या चाळी कशाने भरल्या याचे उत्तर या आकड्यांत आहे. परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या माणसांची मनिऑर्डर ही त्यांच्या गावच्या शेताचा एक भागच होती. ती गेली नसती तर बियाणे आले नसते.

आज पिंपळे सौदागरला गेलात तर शेत दिसणार नाही. उंच इमारती आहेत, मॉल आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या मुलांना पोहे कशाचे करतात हे ठाऊक नसावे अशी दाट शक्यता आहे. गिरगावची गोष्ट शंभर वर्षांनी तेथे पुन्हा घडली.

*

आता आपल्या मुलखात परत येऊ. गिरण्यांना कापूस लागे आणि तो वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथून गाडीने येऊन कॉटन ग्रीनच्या गोदामांत पडे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, याच कापसाने मुंबईला श्रीमंत केले होते. पण शेतकऱ्याने पिकविलेला कापूस गिरणीला कितपत उपयोगी, हे शास्त्राने ठरविणारे कोणी नव्हते. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि तिने १९२४ मध्ये माटुंग्याला प्रयोगशाळा उघडली. दादरहून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात! निरनिराळ्या प्रांतांतून कापसाच्या नव्या वाणांचे नमुने येथे येत. धाग्याची लांबी, बारीकपणा, बळकटी मोजली जाई. लहान यंत्रांवर सूत काढून पाहिले जाई. आणि निकाल पुन्हा शेतावरच्या संशोधकाकडे जाई. १९६६ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली, आणि आजही त्याच जागी तिचे काम चालू आहे.

मी या प्रयोगशाळेला आपल्या भागातील शेतीची सर्वांत मोठी शाळा मानतो. कारण येथे शेत आणि गिरणी एका टेबलावर येतात. शंभर किलो कापूस वेचला की त्यातून रुई निघते साधारण तेहतीस ते पस्तीस किलो. बाकी सगळी सरकी. धागा लांब आणि बारीक असेल तर वरच्या नंबरचे सूत निघते, आखूड असेल तर जाडेभरडे. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात या दोन गोष्टींचा मोठा वाटा. एवढे जरी आपल्या मुलाला कळले तरी अंगातल्या सदऱ्याकडे तो निराळ्या नजरेने पाहील. त्याच सुमारास, १९२३ मध्ये, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटही भायखळ्याहून माटुंग्यास आली. सूतकताईचे शास्त्र शिकणारा विद्यार्थी आणि कापूस तपासणारा शास्त्रज्ञ शेजारी झाले. पण साहित्य, वाणिज्य, विज्ञान शिकणारी बाकीची मुले? ती ट्रामच्या खिडकीतून त्या फाटकाकडे पाहून पुढे गेली.

*

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याचा तुटवडा हा देशापुढला पहिला प्रश्न होता. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली पिढी शेतीविषयी उदासीन राहूच शकत नव्हती. १९५० च्या दशकाच्या आरंभी बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रयोग झाला. गादीवाफ्यावर रोपे तयार करावयाची, चांगले बी निवडून थोडेच वापरावयाचे, ओळीने लावणी करावयाची, भरपूर खत आणि वेळेवर कोळपणी. केंद्रीय कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९५३ मध्ये त्याची देशव्यापी मोहीम केली. पुढे महाराष्ट्रात कृषी विद्यापीठे निघाली: राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. शेतीचे शिक्षण वाढले. पण ते शेतीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी. इतरांसाठी एक दार उघडले ते २४ सप्टेंबर १९६९ रोजी. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठे, ४०,००० विद्यार्थी. त्याच काळात बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि शहरांतली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे घमेली उचलावयास जाऊ लागली.

त्या वाऱ्यात मीही सापडलो. १९७१ चा जुलै. आमच्या एका प्राध्यापकांनी आम्हां बारा जणांना शहापूर तालुक्यातल्या एका गावी आठ दिवस नेले. दादरहून गाडी, आसनगाव स्टेशन, मग चिखलातून चाल. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, डॉ. मान यांचे आकडे मला तोंडपाठ होते. पहिल्या दिवशी आम्हांला एका म्हातारीच्या खाचरात लावणीला उभे केले. मी मोठ्या उत्साहाने मूठ सोडली आणि एका ठिकाणी दहा-बारा रोपे रोवली. म्हातारी मागून येत होती. तिने ती उपटली, दोन-तीनच निवडली, दोन बोटे खोल लावली आणि म्हणाली, "आरं बाला, एवढी रोपं एका जागी कोंबलीस तर ती खानार काय नि वाढनार काय? ही काय तुमची चाळ हाय?"

दुपारी बांधावर भाकर खाताना तिने विचारले, "तू काय शिकतोस?"

"अर्थशास्त्र."

"म्हंजी?"

"म्हणजे... पैशांचा हिशेब."

"मग माजा हिशेब कर," ती म्हणाली. "बियानं उसनं आनलं. खत उसनं. बैल दिराचं, त्याला चार मन भात द्यायचा. तीन पोरगं, एक तुमच्या लालबागंत गिरनीत. जमीन या बांधापास्नं त्या बांधापातुर. सांग, मला काय उरल?"

मी वही काढली. आकडे मांडले. उत्तर उणे येत होते. मी पुन्हा मांडले, पुन्हा उणे. ते तिला सांगण्याचा मला धीर होईना. ती माझ्या तोंडाकडे पाहून हसली आणि म्हणाली, "उरत न्हाई, ठाव हाय मला. पन लावनी तं करायलाच होवी."

वाचकहो, ४० एकरांचे ७ एकर झाले हे वाक्य मी परीक्षेत दोनदा लिहून गुण मिळविले होते. त्या दुपारी ते मला प्रथम समजले. आणि लालबागच्या गिरणीतला तो तिचा मुलगा, जो आमच्या चाळीपासून अर्ध्या तासावर राहत असेल, तोही मला प्रथमच दिसला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप झाला आणि चिमण्या थंड झाल्या, तेव्हा कितीतरी माणसे गावी परतली. वर्तमानपत्रात आम्ही गिरण्यांचे नुकसान वाचत होतो. मला सारखा त्या खाचराचा हिशेब आठवत होता. त्यातली मनिऑर्डर आता वजा झाली होती.

*

आज काय करता येईल? कृषी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आता गावी राहून शेतकऱ्याबरोबर काम करण्याचा अनुभव घ्यावा लागतो. हे उत्तम झाले. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरेही होतात. पण दादर, परळ, गिरगावच्या कॉलेजात शिकणारी बहुसंख्य मुले या दोन्हींच्या बाहेर राहतात. त्यांनी शेतकरी व्हावे असे मी म्हणत नाही. त्यांतली कोणी बँकेत बसून पीककर्जाच्या अर्जावर सही करणार आहेत, कोणी सचिवालयात धान्याच्या भावाची टिपणी लिहिणार आहेत, कोणी वर्तमानपत्रात दुष्काळाची बातमी देणार आहेत, आणि सगळीच बाजारात कांदा महाग झाला म्हणून कुरकुर करणार आहेत. एवढ्यासाठी त्यांना पाच गोष्टी कळाव्यात: माती, पाणी, बी, हंगाम आणि हिशेब.

माती म्हणजे वऱ्हाडातली काळी, जी ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि कोकणातली तांबडी, जिच्यातून पाणी झरझर निघून जाते. म्हणून तिकडे कापूस आणि इकडे भात व आंबा. पाणी म्हणजे पाऊस किती पडला एवढेच नव्हे, तर मुरला किती. बी म्हणजे शे-दीडशे दिवस कळ काढून मग आपले गुण दाखविणारी वस्तू. ती खोटी निघाली तर वर्ष गेले. हंगाम म्हणजे मृग, आर्द्रा ही नक्षत्रे आणि खरीप, रब्बी ही नावे. आणि हिशेब म्हणजे त्या म्हातारीने मला घातलेले गणित.

हे शिकविण्यास नांगरभर जमीन हवीच असे नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून दाखवून दिले, की दहा गुंठ्यांतही मन लावून प्रयोग केला तर कुटुंबाला पुरेसे ज्ञान आणि अन्न दोन्ही निघतात. त्यांच्याच पद्धतीने मुंबई बंदराच्या कामगारांच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर, खरकटे आणि भाजीची देठे कुजवून, या शतकाच्या आरंभी भाज्या-फळांची बाग उभी राहिली. गोदीत जमते ते कॉलेजच्या गच्चीवर का जमू नये? आणि ज्यांना गच्चीही नाही त्यांच्यासाठी गिरणगावच्या जुन्या चाळींतून अजून असे आजोबा आहेत, की ज्यांनी सुट्टी काढून गावी लावणी केली आणि परत येऊन साचा चालविला. त्यांना वर्गात खुर्ची द्यावी आणि एक तास बोलू द्यावे. फी लागणार नाही.

पाडव्याच्या त्या फराळानंतर पुतणीला मी भायखळ्याला घेऊन गेलो. राणीच्या बागेच्या फाटकाशी उभे राहून समोरची ती जुनी इमारत दाखविली आणि सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतली. मग रस्त्याकडे पाहिले. बसगाड्या, टॅक्सी, वर उड्डाणपूल. "काका," ती म्हणाली, "आता तर हा ओलांडणं जास्तच कठीण झालंय." मग जरा थांबून म्हणाली, "पुढच्या जुलैत मला त्या आसनगावच्या बाजूला न्याल?"

मी हो म्हटले आहे. ती म्हातारी आता नसणार. पण खाचर असेल, आणि लावणी तर करावीच लागते. यंदा ओवाळताना बळीचे राज्य येवो असे तुम्ही म्हणाल, तेव्हा घरातल्या कॉलेजकुमाराला तेवढे विचारा, बळी यंदा काय पेरून बसला आहे. उत्तर आले नाही तर रागावू नका. त्याच्याबरोबर आपणही एकदा गाडीत बसा.